फटकळ बाईचा राजीनामा

राजीनामा मी रागाच्या भरात लिहिला, आणि तोही चष्म्याचा नंबर लिहून द्यायच्या चिठ्ठीच्या पाठीवर. 'घरगुती कारणामुळे' असं लिहिलं. घरात मी एकटी, घरगुती कारण कसलं डोंबलाचं! पण राजीनाम्यातलं तेवढं एकच वाक्य मला पाठ होतं.

खरं कारण भिंतीवर चिकटवलेलं होतं. मी एका चष्म्याच्या दुकानात दुपारी चार ते आठ काम करायची. चष्मा तयार झाला की तो गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावर नीट बसवून देणं हे माझं काम. दांडी गरम करायची, कानामागे वळवायची, नाकावरच्या गाद्या हलकेच दाबायच्या, घालून बघायचं, काढायचं, पुन्हा घालायचं. नऊ वर्षं हेच केलं. त्या दिवशी गेले तर माझ्या टेबलासमोरच्या भिंतीवर मालकांनी कागद लावलेला: 'एका गिऱ्हाइकाला पाच मिनिटं.' टेबल माझं, भिंत माझ्या टेबलासमोरची, तेव्हा बोट कुणाकडे होतं हे कळायला ज्योतिषी नको. तासाभरात राजीनामा त्यांच्या हातात ठेवला.

मालक माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान, मऊ बोलणारे. त्यांनी चिठ्ठी वाचली, उलटून पलीकडे कुणाचा नंबर लिहिलेला नाही ना तेही बघितलं, आणि म्हणाले, "तुमची मर्जी, बाई. फक्त महिनाभर थांबावं लागेल. नियम आहे आपला."

नियम माझाच होता. दोन वर्षांपूर्वी काउंटरवरची मुलगी एका फोनवर नोकरी सोडून गेली, तेव्हा मीच दुकान डोक्यावर घेतलं होतं. महिनाभर आधी सांगितल्याशिवाय कुणी जाता कामा नये, सगळ्यांकडून लिहून घ्या, असं मीच मालकांना म्हणाले. त्यांनी लिहून घेतलं, पहिली सही माझी. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

आता लाजिरवाणी गोष्ट सांगून टाकते. मला नोकरी सोडायची नव्हतीच. मालकांनी फक्त 'असं कसं, बाई, तुम्ही गेलात तर कसं चालेल' एवढं म्हणायला हवं होतं. मग मी जरा फुगून बसले असते, त्यांनी तो कागद काढला असता, आणि दुसऱ्या दिवशी चार वाजता मी पुन्हा माझ्या स्टुलावर असते.

माझ्या नवऱ्याला हे बरोबर कळायचं. लग्नानंतर महिन्यातून एकदा तरी मी "चालले मी माहेरी" म्हणून बॅग काढायची. तो पेपरातून डोकं वर न काढता म्हणायचा, "माझेही दोन शर्ट टाक त्यात, मीही येतो." संपलं भांडण. त्याला जाऊन अकरा वर्षं झाली. त्यानंतर 'चालले' असं म्हणण्याइतकं जवळचं कुणी राहिलंच नव्हतं. नऊ वर्षांच्या सवयीने मालकांना तसं समजून बसले, ही माझी चूक.

रविवारी मुलाचा फोन येतो. तो दुसऱ्या शहरात असतो, बायको, दोन मुलं, सगळं व्यवस्थित. त्याला सांगितलं.

"बरं केलंस आई. किती दिवस सांगतोय तुला. आता आराम कर."

"आरामच करते की रे, सकाळी सहापासून चारपर्यंत. आता आठपर्यंत करेन."

तो खो खो हसला. बायकोला हाक मारून माझं वाक्य तिलाही ऐकवलं, तीही हसली. माझं हे असं आहे. मी रडत बोलले तरी लोकांना विनोद वाटतो.

एकट्या बाईला बोलायला माणसं मिळतात. शेजारीण असते, दूध टाकणारा असतो, फोन असतो. हात लावायला माणूस मिळत नाही. दुकानात मी रोज दहा-बारा जणांच्या कानामागे बोट फिरवायची, कुठे लाल वळ उठलाय का बघायची, हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवायची. लोक डोळे मिटून गप्प बसत. कामच ते, त्यात कुणाला काही वाटत नाही. पण संध्याकाळी घरी आल्यावर मला रिकामं रिकामं वाटायचं नाही, ते त्यामुळे. हे पाच मिनिटांत कसं बसवणार होते मी, आणि का म्हणून मालकांना सांगणार होते?

दहाव्या दिवशी माझ्या जागी नवी आली. चाळिशीची, हसऱ्या तोंडाची, औषधांच्या दुकानातली नोकरी सोडून आलेली. ती नालायक निघावी अशी माझी फार इच्छा होती. पण ती एकदा दाखवलं की शिकायची. एक दोष सापडला, तिचे हात बर्फासारखे गार.

"आधी हात चोळा," मी म्हणाले. "गार बोट लागलं की माणूस दचकतो. दचकून मान वाकडी करतो, आणि वाकड्या मानेवर बसवलेला चष्मा घरी जाऊन वाकडाच निघतो."

दुसऱ्या दिवसापासून ती हात चोळायला लागली. तोही दोष गेला.

दर मंगळवारी एक निवृत्त मास्तर यायचे. चष्मा सैल झालाय म्हणायचे. तो कधीच सैल झालेला नसायचा. मी नवीला बाजूला घेऊन सांगितलं, "यांच्या चष्म्याला काही झालेलं नसतं. तरी स्क्रू अर्धा फिरवून सैल करायचा आणि परत घट्ट करायचा. मग चष्मा चढवून कानामागे नीट हात फिरवून बघायचं. घाई करायची नाही."

"पण पाच मिनिटं?" तिने भिंतीकडे बघितलं.

"तो कागद वाचता येत नाही असं समजायचं."

मास्तरांना मी जाणार हे सांगितलं. तेवढ्या महिन्यात 'का' असं विचारणारे ते एकटेच. खुर्चीत सरळ बसून म्हणाले, "पण का जाताय तुम्ही?"

तोंडाशी आलं होतं. पण उचलली जीभ लावली टाळ्याला, ही माझी जुनी खोड. मी म्हणाले, "नऊ वर्षं तुमचे कान बघून कंटाळा आला." मास्तर हसले, काठी उचलून गेले. मागच्या खोलीत भिंगं घासणारा कारागीर तिथूनच ओरडला, "तोफ चालली! आता जरा शांतता!" तो मला तोफच म्हणतो.

विसाव्या दिवशी ठरवलं, एक घाव दोन तुकडे. घरी आरशासमोर उभं राहून वाक्य म्हणून बघितलं: 'मालक, मी विचार बदललाय.' चांगलं वाटलं. पाच-सहा वेळा म्हटलं. लवकर जाऊन त्यांना एकटं गाठलं. ते चहा घेत होते, मलाही अर्धा दिला.

ताकाला जाऊन भांडं लपवायचं, दुसरं काय! म्हटलं, "तो कागद काही बरा नाही दिसत भिंतीवर."

"तो ना," मालक जरा संकोचले. "तुमच्यासाठीच लावला होता, बाई. गिऱ्हाइकं तुम्हाला सोडतच नाहीत. तुम्ही कुणाला नाही म्हणत नाही, आणि मग आठ वाजता जिना उतरताना कठडा धरून थांबता. मी बघितलंय. म्हटलं, तुम्हाला त्या कागदाकडे बोट तरी दाखवता येईल."

मी चहा पीत राहिले. रागाला काही बूडच नव्हतं तर. नुसता मीपणा उरला होता, आणि तो गिळायला चहापेक्षा कडू. वाक्य जिभेवर होतं. तेवढ्यात मालक म्हणाले, "बरं झालं, ही लगेच मिळाली. तुम्हाला महिन्याच्या वर एक दिवस अडकवायचं नव्हतं मला."

"तिला सांगा," मी म्हणाले, "कपाटाच्या काचा ओल्या फडक्याने पुसू नकोस. डाग राहतात."

त्या दिवशी मी प्रत्येक गिऱ्हाइकाला मुद्दाम वेळ लावला. एका बाईंचा चष्मा चार वेळा काढून घातला. त्या म्हणाल्या, "किती मन लावून करता हो!" मला मनातून लाज वाटली.

शेवटच्या दिवशी सात वाजता मालकांनी सगळ्यांना पुढे बोलावलं. कारागीर हात पुसत आला. मला शाल दिली, एक कुंडी दिली. मालक नेहमी चार वाक्यांत आटपतात, पण त्या दिवशी बोलत राहिले.

"खरं सांगतो, बाईंनी चिठ्ठी दिली त्या रात्री मी जेवलो नाही. बायकोला म्हटलं, त्यांना थांबवायला हवं, हात जोडतो उद्या. ती म्हणाली, उगाच भीड घालू नका. त्या बाईंच्या पोटात काही राहत नाही. थांबायचं असतं तर तोंडावर म्हणाल्या असत्या. आणि तिचं खरं आहे. बाई मनातलं सरळ बोलतात, हेच मला त्यांचं सगळ्यांत आवडायचं. तरी परवापर्यंत मी वाट बघत होतो, एकदा तरी म्हणतील म्हणून."

ते थांबले. माझ्याकडे बघत राहिले. अजूनही वाट बघत होते की नुसते गहिवरले होते, मला कळलं नाही. चार शब्द होते फक्त. मालक, मला जायचं नाही. त्यांनी काहीतरी वाट काढली असती, तसा माणूस आहे तो. नवीने हातातली नोकरी सोडली होती, तिच्यासाठी मी गप्प बसले असं सांगितलं तर छान दिसेल. पण ते खोटं आहे. मला तिची आठवणही झाली नाही. एवढ्या जणांसमोर मला 'ठेवून घ्या' म्हणता येईना. माणूस मेल्यावर रडता येतं. जिवंत माणसांपुढे उभं राहून मागणं मला कधी जमलंच नाही.

"तोफेच्या पोटात काय राहणार?" कारागीर म्हणाला.

"मग!" मी शाल सावरली. "मी काय मनात ठेवणारी बाई आहे?"

सगळे मोकळेपणी हसले. मालकांनी डोळे पुसले. मग नवीने हात चोळले आणि पुढच्या गिऱ्हाइकाला आत बोलावलं.