भुताला घर लागतं

एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी कादंबरीतल्या भुताला घर लागायचंच. जुना जिना, बंद खोली, वाऱ्याने आपटणारं दार. भूत बिचारं नंतर येतं, आधी वास्तू. माटुंग्याच्या कॉलेजात ललिता सामंत बावीस वर्षं हे शिकवत होत्या आणि त्या दिवशीही त्यांनी ते पाढे म्हटल्यासारखं शिकवलं. नवरा जाऊन आठ महिने झाले, तरी एक तास बुडवला नव्हता. स्टाफरूमला त्याचं केवढं कौतुक. कौतुकासारखं त्यात काही नव्हतं, बाईंना काही वाटतच नव्हतं.

"मॅडम, घरच पाडलं तर भूत कुठे जातं?" रुचा नावाच्या मुलीने विचारलं.

"कुठेच नाही. तिथेच संपतं."

मुलांनी ते निमूट उतरवून घेतलं.

दुपारी तीनला त्यांना दादरच्या फ्लॅटची किल्ली द्यायची होती. बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली होती. त्यांचा नवरा रघुवीर याच फ्लॅटमध्ये गेला, आतल्या खोलीत, त्या चहा गाळत असताना.

भर उन्हात रिकामा फ्लॅट उघडाबोडका दिसत होता. सामान शनिवारीच भाड्याच्या घरी हललं होतं, देवही गेले होते. एकच करायचं राहिलं होतं. लालबागची खोली सोडताना सासूबाईंनी उंबऱ्यात उभं राहून घरातल्या जिवंत-मेल्या सगळ्यांना नावाने हाका मारल्या होत्या, चला, आपण निघालो म्हणून. नाहीतर माणसं मागे राहतात म्हणे. तेव्हा रघुवीर आणि त्या तोंड लपवून हसले होते.

हाक मारली नाही, तर तो डेब्रिजखाली राहणार. मारली, तर घर रिकामं झाल्याचं कबूल करायचं.

"रघुवीर, चल," त्या म्हणाल्या. हजेरी घेतानाचा आवाज. मग दार धरून उभ्या राहिल्या.

"आत कोण आहे का, मॅडम?" बिल्डरचा माणूस अजित म्हणाला.

"येतायत. गुडघ्यांमुळे वेळ लागतो."

अजितने किल्लीसाठी पुढे केलेला हात खाली घेतला. दोघं थांबली. मग बाईंनी कुलूप लावून किल्ली त्याला दिली.

टॅक्सीत त्या एका कडेला सरकून बसल्या. शिवाजी पार्कच्या सिग्नलला त्यांनी शेजारी पाहिलं. आठ महिने तो घरी होता आणि त्या बाहेर, असंच त्या धरून चालल्या होत्या. आता घरी कुणी नव्हतं. शेजारीही नव्हतं.

"मॅडम, आगे किधर?" ड्रायव्हरने दोनदा विचारलं. भाड्याच्या घराचा पत्ता त्यांना काही केल्या आठवेना.