जैबुनची अर्धी कादंबरी

मी एक कादंबरी बोलतेय. बोलता बोलता मध्येच थांबले तर राग मानू नका, मी अर्धीच आहे. अर्धी म्हणजे नेमकी किती, ते माझ्या लेखकालाही सांगता येत नाही. कुणी विचारलं की ते चष्मा काढून पुसतात आणि म्हणतात, "काम चालू आहे."

माझे लेखक मुजीब बागवान. अकोल्याच्या जुन्या शहरात राहतात, शाळेत मराठी शिकवतात, म्हणून सगळे त्यांना मुजीबसर म्हणतात. गल्लीतले लोक त्यांना विचारतात, "सर, उर्दू सोडून मराठीत काहून लिहिता?" आणि मराठी साहित्यिक त्यांच्या पाठीवर थाप मारून विचारतात, "काय हो, इतकं छान मराठी कसं येतं तुम्हाला?" सरांचा जन्म बाळापूरचा, शिक्षण अकोल्याचं. मराठी येणार नाही तर काय फ्रेंच येईल? पण सर दर वेळी लाजून "आपला आशीर्वाद" म्हणत, तेव्हा मला कपाटात बसल्या जागी चीड येई.

माझा जन्म दिवाळीच्या सुट्टीत झाला. सर काटकसरी. शाळेत उरलेल्या प्रश्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर ते लिहितात. त्यामुळे माझ्या प्रत्येक पानाच्या पाठीवर 'कोणतेही तीन प्रश्न सोडवा' असं छापलेलं आहे. सरांनी अजून एकही सोडवलेला नाही.

लोखंडी कपाटाचा खालचा खण हे माझं माहेर. सरांच्या लग्नातल्या शेरवानीला टेकून आम्ही चौघं राहत होतो. एक नाटक होतं. त्यात दोन माणसं मोर्णा नदीच्या पुलावर भेटतात आणि पहिल्या अंकापासून तिथेच उभी आहेत. एक कवितासंग्रह होता. त्याचं नाव ठरलं होतं, अर्पणपत्रिका झाली होती, मनोगत झालं होतं, कविता तेवढ्या व्हायच्या होत्या. एक आत्मचरित्र होतं. ते सर सातवीत नापास होता होता वाचले तिथे थांबलं होतं. माझ्यात अडलं की सर नाटक काढत, नाटकात अडलं की कवितेकडे वळत. सरांची बायको शाहेदा कपडे ठेवायला आली की आम्हाला एका बाजूला सारून म्हणे, "इतल्या पोरी जमवून ठेवल्या घरात, एकीचं तं लगन लावा."

आमचं लग्न लागत नव्हतं, पण बोलबाला मोठा होता. कुठल्याही व्यासपीठावर सरांचा परिचय करून देताना निवेदक सांगे, "त्यांची बहुप्रतीक्षित कादंबरी लवकरच येत आहे." माझी प्रतीक्षा खरोखर करणारं माणूस एकच होतं, आणि ते बाळापूरच्या एसटी स्टँडवर फळं विकत होतं.

ती जैबुनखाला, सरांच्या आईची धाकटी बहीण. तिच्यावरच सरांनी मला लिहायला घेतलं. नवरा लवकर गेला, तेव्हापासून स्टँडवर तिची हातगाडी. घरात उर्दू, गाडीवर वऱ्हाडी आणि कंडक्टरशी भांडताना दोन्ही. सरांच्या बहिणीचं लग्न जमवायचं खालाने अंगावर घेतलं होतं. तिची रीत निराळी होती. मुलगा बघायला आला की ती त्याच्या हातात पिकलेल्या सीताफळांची टोपली देई आणि सांगे, एसटीने अकोल्याला जा आणि माझ्या बहिणीकडे पोचव. एकही फळ फुटता कामा नये. उभा राहून जा, बसून जा, तुझं तू बघ. "ज्याच्या हाती सीताफळ टिकत नाई त्याच्या घरी माही पोरगी काय टिकन?" असा तिचा सवाल. कारंज्याचा एक नवरदेव शर्टभर गर घेऊन उतरला. एकाने वाटेत भूक लागली म्हणून चार फळं खाल्ली आणि तसं खरं सांगितलं, तर खालाला तो जवळजवळ आवडलाच होता.

सरांनी हे सगळं एका सुट्टीत लिहून काढलं. लिहिताना ते एकटेच हसत, आणि शाहेदा दारातून डोकावून बघे. माझ्या आयुष्यातले तेच खरे दिवस. मग ईद आली.

दर रमजान ईदला दुपारी सरांकडे साहित्यिक मित्र शीरखुर्मा प्यायला येतात आणि सर त्यांना माझा पहिला भाग वाचून दाखवतात. घराचा हा रिवाजच आहे. शीरखुर्मा पिऊन झाला की प्रत्येकाने काहीतरी सुचवायचं, हाही रिवाजच. आणि सुचवलेलं सगळं सरांनी पुढच्या ईदपर्यंत करायचं, हा सरांचा खुळेपणा.

पहिल्या ईदला डॉ. शालिकराम बोलले. हे निवृत्त प्राध्यापक, मोठे समीक्षक. मुस्लिम जीवनावर त्यांचे दोन ग्रंथ आहेत आणि मुस्लिम घरात ते वर्षातून या एकाच दुपारी येतात. दुसरी वाटी हातात घेत ते म्हणाले, "मुजीब, भाषा सुंदर. पण वेदना कुठे आहे? तुमच्या समाजातली स्त्री इतकी हसते, हे वाचकाला पटणार नाही."

झालं. त्या वर्षी जैबुनला तलाक मिळाला.

पुढच्या ईदला सरांचे साडू रौफभाई पेटले. "घरातल्या बाईले तलाक देऊन रायले तुम्ही किताबीत? लोकाईले तं हेच पाह्यजे!" सरांनी तलाक काढला आणि नवऱ्याला टीबी दिला. त्याच्या पुढच्या ईदला अमरावतीचे प्रकाशक किशोरभाऊ आले. मोठे दिलखुलास. म्हणाले, "सर, मी छापतो. फक्त मधात एक दंगल टाका. मधात दंगल पडली का वाचक हालते. कव्हरवर आपण डोळे घेऊ, निस्ते डोळे. आन् मागं उर्दू शब्दांचे अर्थ देऊ, नाई तं खाला म्हंजे काय हे पुण्यात कसं समजन?"

सरांनी कर्फ्यू स्वतः पाहिलेला आहे. शाहेदाला ते कितीदा सांगतात, की चार दिवस कॅरम खेळलो, दूध संपलं, आणि शेजारच्या छतावरून साखर आली. यातलं काही माझ्यात आलं नाही. माझ्यात आल्या ज्वाळा, किंकाळ्या आणि अर्धवट जळालेली एक बाहुली. बाहुली कुणाची, हे सरांनाही माहीत नव्हतं. जैबुनची हातगाडी जळाली, तलाक परत आला, आणि शेवटी ती खिडकीपाशी बसून रडू लागली. जुनी पानं सरांनी दोरीने बांधून शेरवानीखाली सरकवली. ती दोरीतली मी.

यंदा किशोरभाऊंनी तारीखच दिली. अमरावतीच्या साहित्य मेळाव्यात प्रकाशन. ही बातमी बाळापूरला पोचली आणि ईदला जैबुनखाला स्वतः आली. ऐंशीला टेकलेली, डोळ्यांनी आता फक्त उजेड आणि सावली कळते. वाचता तर कधीच येत नव्हतं. सरांनी तिला शब्द दिला होता, की छापायच्या आधी तुलाच वाचून दाखवीन. ती वर्षानुवर्षं फोनवर विचारायची, "माही किताब कव्हा होते रे? कानावर पडू दे, मंग मी मोकळी."

मंडळी जमली होती. खाला पलंगावर पाय वर घेऊन बसली आणि सर वाचू लागले. तलाक झाला, गाडी जळाली, खिडकी आली. शालिकरामांनी डोळे मिटले. किशोरभाऊ मान डोलावत होते. खालाने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "हे कोन बाई हाये?"

"खाला, तूच आहेस ही."

"मी? मी खिडकीपाशी कव्हा बसली? माह्या घराले खिडकीच नाई. आन् गाडी कोनं जाळली माही? गडबड झाली तव्हा शेजारच्या पुंजाजीनं माही गाडी आपल्या गोठ्यात लोटून वरून ढोराईचं कुटार टाकून लपवली होती. ते काहून नाई लिहिलं?"

शालिकराम पुढे सरकले आणि हळूच म्हणाले, "पाहा मुजीब, किती खोल दडपलेली वेदना आहे. ती स्वतःच नाकारते आहे."

"हे कोन?" खालाने विचारलं.

"डॉक्टर शालिकराम, खाला. मोठे विद्वान आहेत."

"डाक्टर हाये? मंग माह्या गुडघ्याले पाहा म्हना. वेदना तिथं हाये."

शाहेदा दाराआड खुसुखुसु हसली. खाला मात्र हसली नाही. तिचा आवाज खाली आला. "मुजीब, नवरा गेला तव्हा मी रडली. खूब रडली. कोनाले दाखवलं नाई, आन् तूनंही कधी इचारलं नाई. आता माह्या नावानं भलतंच रडनं कायले लिहितं? मले टाकाचं असन तं मी हावो तशी टाक. नाई तं काढून टाक मले."

मला वाटलं, आता होणार. आता हा माणूस उठणार, कपाट उघडणार, माझी दोरी सोडणार. सरांनी खालाकडे पाहिलं. मग किशोरभाऊंकडे पाहिलं, मग शालिकरामांकडे. मग चष्मा पुसला.

"बरं खाला," ते म्हणाले, "काढतो तुला."

किशोरभाऊंनी सुटकेचा श्वास सोडला. "सोपं हाये सर. नाव बदला, बाकी तसंच ठेवा."

अशी नजमा जन्माला आली. नजमाला कुणी खाला नाही, गाव नाही, शेजारी नाही, त्यामुळे तक्रार करायलाही कुणी येणार नाही. ती खिडकीपाशी बसून रडते आणि तिच्या डोळ्यांचं मुखपृष्ठ फार देखणं झालं आहे म्हणतात. मी तिचा मत्सर करते का? करते. खोटं कशाला बोलू?

शाहेदाकडून खालाला जुन्या पानांचं कळलं होतं, म्हणून निघताना तिने एवढंच मागितलं, "ज्याईत मी हावो ते जुने कागद मले दे." सरांनी मला मुकाट्याने तिच्या पिशवीत घातलं. एवढ्या वर्षांत सरांनी माझ्यासाठी केलेलं हे एकच धड काम.

आता मी बाळापूरला, स्टँडवर खालाच्या हातगाडीवर राहते. पुंजाजीची सून दामिनी शेजारीच भाजी विकते. दुपारी गिऱ्हाईक ओसरलं की ती मला मोठ्याने वाचते. ड्रायव्हर, कंडक्टर, हमाल गोळा होतात. लोक हसतात, मध्येच दुरुस्त्या सांगतात. खाला ओरडते, "कारंज्याचा नोता तो, मूर्तिजापूरचा होता!" परवा एका बाईची शेगावची गाडी माझ्यापायी सुटली, तर ती म्हणाली, "जाऊ द्या, त्या पोराचं काय झालं ते वाचा."

पण मी जिथे संपते तिथे रोज पंचाईत होते. दामिनी पानं उलटून पाहते आणि म्हणते, "खाला, याच्यापुढं नाईच." लोक आपापले शेवट सांगतात, भांडतात, पांगतात. खाला तशीच कान देऊन बसून राहते, जणू कुणी पुढचं वाचणारच आहे.

मागच्या आठवड्यात सर आले. अमरावतीची शाल, नजमाची प्रत आणि पेढ्यांचा डबा घेऊन. वाचन चालू होतं, म्हणून ते गर्दीमागे उभे राहिले. आणि मी पाहिलं, माझा लेखक हसत होता. पोट धरून, चष्म्याला पाणी येईपर्यंत. दामिनी थांबली तेव्हा भान नसल्यासारखे तेच म्हणाले, "मग? पुढे काय झालं?"

खालाने आवाज ओळखला. "पुढं?" ती म्हणाली. "पुढं त्यानं मले काढून टाकलं."

सरांनी पेढ्यांचा डबा गाडीवर ठेवला, नजमाची प्रत पिशवीतच राहू दिली आणि मिळाली त्या गाडीने अकोल्याला परत गेले. त्यानंतर काही कळलं नाही. नाटक काढून बसले असतील.

सर, माझी एवढीच विनंती आहे. मला बक्षीस नको, मेळावा नको, मुखपृष्ठावर डोळे तर अजिबात नकोत. कागदाच्या मागे काही छापलेलं असलं तरी चालेल. फक्त या आणि पुढचं लिहा. खालाचे डोळे गेले, गुडघे गेले. कान अजून चांगले आहेत. ते आहेत तोवर या.