कोपऱ्यातला राघू

मित्रांनो, मी एक जुनी होडी आहे. पनवेलच्या खाडीत, कोळीवाड्याच्या जेटीला, उजवीकडून चौथी. माझी नाळ, म्हणजे पुढचे टोक, आज काळीकुट्ट आहे. पूर्वी ती तशी नव्हती. ती काळी का झाली, हे सांगताना मला अजून धडधडते. म्हणून हळू सांगते, आणि जेटीवर मोटारसायकल थांबल्याचा आवाज आला तर मी मध्येच गप्प होईन. रागावू नका.

माझा जन्म सत्त्याण्णव सालचा, उरणच्या बाजूचा. एका म्हाताऱ्या सुताराने सागाच्या फळ्या जोडून मला बांधले आणि दादूने मला इथे आणले. दादू म्हणजे माझा मालक. चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, आणि कोळंबी धरणारा, अबोल माणूस. खोटे बोलायचे झाले की त्याचे कान लाल होतात, एवढाच त्याचा दोष. त्याची बायको कृष्णाबाई मात्र बोलून दोघांचा कोटा भरून काढते. मी आले त्या दिवशी तिने माझी नाळ शेंदरी रंगवली आणि तिच्यावर हिरवा राघू काढला. खरे सांगायचे तर तो थोडा राघू आणि बराचसा भोपळा होता. चोच मात्र लालभडक, फक्कड जमली होती.

तो राघू म्हणजे माझे तोंड. आमच्या खाडीत लांबून येणाऱ्या माणसाचे नाक-डोळे दिसत नाहीत, होडीची नाळ दिसते. मग त्या नाळेवरूनच माणसाचे नाव पडते. दादूला अख्ख्या खाडीत आडनावाने कुणी ओळखत नाही. लग्नाच्या पत्रिकेवरसुद्धा ‘श्री. दादू राघूवाले’ असेच लिहून येते.

आणखी एक सांगून ठेवते. मी होडी असल्यामुळे मला माणसे मोजायची सवय आहे. किती जण ‘येतो’ म्हणाले ते मला ऐकू येते, आणि किती जण बसले ते माझ्या बुडाला कळते. हे दोन आकडे कधी जुळले, असे मला आठवत नाही.

दोन हजार तेरा साली खाडीकाठच्या तिवरांत, म्हणजे खारफुटीत, डंपर येऊ लागले. पाडलेल्या इमारतींचा राडारोडा ते तिवरांच्या मुळांवर ओतत. यायचे ते रविवारी, कारण रविवारी सरकारी कचेऱ्या बंद. दादू खाडीच्या ज्या फाट्यात चिंबोऱ्यांचे फग, म्हणजे सापळे, लावायचा, तो फाटा निम्मा बुजला. तो पुरता बुजला असता तर आमचा धंदाच संपला असता.

त्याच सुमारास पनवेलच्याच खांदा कॉलनीतून आभाताई आली. एका कंपनीत नोकरी करणारी, तिशीतली, घाईघाईने चालणारी बाई. तिने फेसबुकवर ‘खाडी जगवा’ नावाचा ग्रुप काढला होता. अकराशे चाळीस सभासद. जेटीवर पहिली सभा ठरली तेव्हा दोनशे साठ जणांनी ‘येणार’ म्हणून कळवले. आले नऊ. त्यांतले दोघे मासळी घ्यायला आले होते, ते बोंबील घेऊन गेले. पण आभाताई नऊ जणांपुढेही दोनशे साठ असल्यासारखी बोलली. ते मला आवडले. कोण पोकळ आणि कोण भरीव, हे लाकडाला कळते.

रस्त्याने डंपरजवळ जाता येत नव्हते, तिथे डंपर पाठवणाऱ्या ठेकेदाराची माणसे उभी असत. म्हणून आभाताईने दादूला विचारले, पाण्यातून नेशील का. दादूने दोन दिवस मागून घेतले. त्या माणसांनी मागे एकाचे जाळे पेटवल्याचे त्याने ऐकले होते. शेवटी फाट्याकडे बघून तो ‘चला’ म्हणाला, आणि एकच अट घातली, आपले नाव कुठे येता कामा नये. आभाताईने शब्द दिला.

रविवारी दुपारच्या भरतीला आम्ही निघालो. मागे दादू वल्ह्यावर, मध्ये आभाताई, तिच्या शेजारी सत्यजीत. सत्यजीत ग्रुपचा फोटोवाला, गळ्यात हा एवढा कॅमेरा. आम्ही तिवरांच्या आडून पुढे सरकलो. समोर डंपरने पाठ उचलली, राडारोडा घरंगळला, आणि कॅमेरा किर्रकिर्र वाजला. डंपरचा नंबर स्पष्ट आला, ओतणारा माणूस स्पष्ट आला. त्याने वळून पाहायच्या आत आम्ही परत तिवरांत शिरलो होतो.

सत्यजीतने चाळीस फोटो काढले. त्यांतला कुठला टाकायचा यावर येताना चर्चा झाली. दादूचा हात दिसत होता तो फोटो बाद. आभाताईची सावली दिसत होती तो बाद. मग सत्यजीतला एक सापडला. त्यात एकही चेहरा आमच्यातला नव्हता, आणि खालच्या कोपऱ्यात शेंदरी नाळेचे टोक आणि अर्धा राघू. त्यामुळे फोटोला शोभा आली, असे तो म्हणाला. मित्रांनो, मी तेव्हा भुलले. मलाही वाटले, शोभा आली. संध्याकाळी फोटो फेसबुकवर चढला.

मंगळवारी सकाळी दहाला दादूची पुतणी रिया जेटीवर आली. पनवेलच्या कॉलेजात शिकते ती. ओहोटी लागली होती, मी चिखलात टेकले होते, नवरा-बायको माझ्यात बसून जाळे सोडवत होते. रियाने मोबाइल पुढे धरला. पाचशे बारा लाईक, एकसष्ट शेअर. खाली लोकांनी काय काय लिहिले होते तेही तिने वाचून दाखवले. लिहिणारे अठ्ठ्याऐंशी. त्यांतले बेचाळीस ‘लाजिरवाणे’ म्हणत होते, अकरा जण कॅमेरा कुठला ते विचारत होते, आणि एकाने ‘कोपऱ्यातला पोपट किती गोड’ असे लिहिले होते.

कृष्णाबाई हरखली. आपला राघू इतक्या लोकांनी पाहिला, हे तिने शेजारच्या होडीला ओरडून सांगितले. दादूने मोबाइल हातात घेतला, पाहिला आणि परत दिला. मग तो माझ्या बुडात खाली बसला. एकटाच माणूस, पण मी चिखलात दोन बोटे आणखी रुतले.

त्याने फोन केला आणि आभाताई ऑफिसातून सरळ रिक्षा करून आली. तिला आधी कळेचना. चेहरा नाही, नाव नाही, मग भ्यायचे कशाला, असे ती समजावत राहिली. दादू खाली बघून म्हणाला, “ताई, हितं तोंडावरनं कोन वलखतो? आमाला होडीवरनं वलखतात.”

आभाताईने फोटो पुन्हा उघडला. या वेळी तिने डंपर पाहिला नाही, कोपरा पाहिला. तिने तिथल्या तिथे फोटो काढून टाकला. पण दोन दिवसांत ज्यांनी तो आपल्या मोबाइलवर उतरवून घेतला होता, त्यांच्याकडचा कसा काढायचा? आणि अकराशे चाळीस सभासदांत कोण कोण आहे, हे कुणी कधी विचारले होते? पुढे रियाने शोधून काढले, ठेकेदाराचा एक माणूस पहिल्या दिवसापासून ग्रुपमध्ये होता. त्याने ‘स्तुत्य उपक्रम’ असे लिहिलेसुद्धा होते.

संध्याकाळच्या भरतीला मला आत तिवरांत लपवायचे ठरले. पण संध्याकाळ लांब होती आणि मला जागचे हलता येत नव्हते. कृष्णाबाईने दादूला घरी पाठवले. “तुमचे कान लाल व्हतील,” म्हणाली. मग तिने मासळीचे खवले काढायचे पाते घेतले आणि स्वतः रंगवलेला राघू स्वतः खरवडू लागली. आधी शेपटी गेली, मग पंख. आभाताई सलवार वर खोचून चिखलात उतरली आणि ओंजळीने चिखल माझ्या नाळेवर थापू लागली. सवय नव्हती. दर दोन पावलांना पडत होती.

एकच्या सुमारास जेटीवर मोटारसायकल थांबली.

दोघे उतरले. एकाच्या हातात मोबाइल. पहिल्या होडीपाशी थांबले, मोबाइलकडे पाहिले, होडीकडे पाहिले. दुसरीपाशी थांबले. मित्रांनो, तुम्ही लपाछपी खेळताना निदान श्वास तरी रोखता, मला तेही करता येत नव्हते. माझी चोच अजून उघडी होती. आणि आभाताईचा हसरा चेहरा तर त्या ग्रुपच्या माथ्यावरच लावलेला होता.

कृष्णाबाईने जाळ्याचा ढीग आभाताईच्या डोक्याखांद्यावर टाकला, तिची मान खाली दाबली आणि स्वतः माझ्या नाळेला पाठ टेकून बसली. चोच तिच्या पाठीखाली गेली.

“मावशी, राघूवाली होडी कुठली?” वरून मोबाइलवाल्याने विचारले. आवाज अगदी गोड होता, त्याचीच जास्त भीती वाटली.

“गेली ती. इकली मालकानं, तिकडं लांब उरनला.”

“ही कोण?” त्याने जाळ्याखालच्या बाईकडे बोट केले.

“सून हाय. पयल्यांदा चिखलात उतरलीय, दिसत नाय का?” ती म्हणाली. “तुमाला होडी बगायची तर या खाली. बूट काढून या, गुडघ्यापर्यंत रुतताव.”

दोघांनी चिखलाकडे पाहिले. बूट पांढरे होते. माझा जीव त्या पांढऱ्या बुटांनी वाचवला, हे मी कधी विसरणार नाही. ते वळले. पण जाता जाता मोबाइलवाल्याने हात उंच केला आणि आमचा फोटो काढला. माझा, कृष्णाबाईच्या पाठीचा, जाळ्याखालच्या सुनेचा.

त्या संध्याकाळी दादूने माझ्या नाळेला डांबर फासले.

जमेची बाजूही मला सांगितली पाहिजे, नाहीतर हिशेब खोटा ठरेल. डंपरच्या नंबरावरून तक्रार झाली, अधिकारी येऊन पाहून गेले, तिथे डंपर येणे थांबले. फाटा अजून निम्मा तरी उघडा आहे. आभाताई अजून येते. आता कुठलाही फोटो टाकण्याआधी ती जेटीवर येऊन मोबाइल कृष्णाबाईपुढे धरते. कृष्णाबाईला वाचता येत नाही, पण ती म्हणते, “मधलं ऱ्हाऊ दे. कोपरे दाखव.” आणि चारही कोपरे बोटाने मोठे करून बघते. दोनदा तिने फोटो नापास केला आहे.

खर्चाच्या बाजूला मात्र दोन फोटो अजून तसेच आहेत. पहिला कुठे कुठे आहे ते थोडेफार कळते. दोन वर्षांनी कुणा भल्या माणसाने ‘जुनी आठवण’ म्हणून तो पुन्हा टाकला आणि पुन्हा शंभराच्या वर लोकांना तो आवडला. त्या आठवड्यात दादू जेटीवर झोपला नाही की घरीही. दुसरा फोटो त्या पांढऱ्या बुटांच्या खिशात गेला. तो कुणी कुणी पाहिला, याचा आकडा माझ्याकडे नाही. मला भीती त्याचीच वाटते.

वैशाखात ऊन तापले की डांबर मऊ होते आणि खालची लाल चोच डोकावते. कृष्णाबाई अंगठ्याने डांबर सारून ती बुजवते. पत्रिका आता ‘श्री. दादू’ एवढ्याच नावाने येतात.

मित्रांनो, चांगल्या कामाचे फोटो जरूर काढा. पण ते जगाला दाखवण्याआधी कोपऱ्यात कोण आहे ते बघा, आणि जो आहे त्याला आधी विचारा. कधी पनवेलला आलात तर जेटीवरही या. चिंबोऱ्या ताज्या मिळतील, कृष्णाबाई चहाही देईल. फक्त राघूवाली होडी कुठली, असे कुणाला विचारू नका.