पिठातलं पाऊल

गुरुवारी दिवेलागणीला आमच्या अंगणात पाय ठेवायला जागा नसे. वलगावातले निम्मे लोक, अमरावतीहून ऑटो करून आलेल्या बाया, त्यांच्या कडेवरची लेकरं, आणि दारात चपलांचा असा ढीग की जाताना कोण कोणाची घालून गेलं याचा पत्ता लागत नसे. सगळ्यांची तोंडं आमच्या जुन्या कोठ्याकडे. ढोरं विकून चार वर्षं झाली होती, तेव्हापासून कोठा रिकामा. फक्त वर आढ्याला माझ्या पोरीनं, सीमानं, एक लाकडी पेटी ठोकली होती आणि तिच्यात गव्हाणी घुबडाची जोडी राहत होती. सीमा विद्यापीठात प्राणिशास्त्र शिकत होती. ऑगस्टमध्ये डेंग्यूनं गेली. तेवीस वर्षांची होती.

कोठ्याच्या दाराशी पाटावर ओमप्रकाश महाराज बसे. मोर्शीकडून आलेला माणूस. अंगावर रेशमी शाल, कपाळभर अष्टगंध, मांडीवर मोबाईल.

"आत्मा म्हंजे काय?" तो विचारी. "आत्मा म्हंजे वायफाय. दिसते का कोणाले? नाई दिसत. पण रेंज असते का नाई?"

"असते, असते," लोक म्हणत.

"मंग ह्या माउलीच्या पोरीची रेंज ह्या कोठ्यात हाय. अन् पासवर्ड माह्यापाशी हाय."

माणसं माना डोलावत. यात डोलावण्यासारखं काय होतं, देव जाणे. मग तो घंटी वाजवी, डोळे मिटी आणि लाडानं विचारी, "सीमा बेटा, आली का व तू?"

आणि कोठ्याच्या अंधारातून आवाज येई. श्श्श्श. लांब, खरखरीत, दात आवळून कोणी श्वास सोडावा तसा. अंगण थिजून जाई. सगळ्यांत पुढे माझी बायको जमुना बसलेली असे, हात जोडून.

"आली," ती म्हणे. "माही पोरगी आली."

मी खुशालराव. तीस वर्षं गावच्या शाळेत विज्ञान शिकवलं. सुटीच्या दिवशी गावोगावी जाऊन नारळातून लाल पाणी काढून दाखवलं, पाण्यानं दिवा पेटवून दाखवला, आणि मग त्यामागची लबाडीही दाखवली. बुवाबाजीवर माझी भाषणं ऐकून पोट्टे टाळ्या वाजवत. आणि माझ्याच अंगणात हा तमाशा चालला असताना मी ओसरीवर खांबाला टेकून गप्प बसलो होतो. काऊन गप्प होतो, ते सांगतो. लाज वाटते, पण सांगतो.

आमच्याकडे रीत आहे. माणूस गेलं की दहाव्याच्या सांजेला जमिनीवर पीठ चाळून पसरतात, शेजारी दिवा ठेवतात आणि पिठावर टोपलं पालथं घालतात. सकाळी टोपलं उचलून पाहायचं, पिठात कशाचं पाऊल उमटलं आहे. ज्याचं पाऊल, तो पुढचा जन्म. या रीतीवर मी वर्गात पोरांना पोट धरधरून हसवलं आहे. पण जमुना पिठाचा डबा घेऊन निघाली तेव्हा मी तिला अडवलं नाही.

"कोठ्यात ठेवतो," ती म्हणाली. "तिचा सारा जीव त्या कोठ्यातच होता."

सकाळी टोपलं कलंडलेलं होतं. पिठात एक पाऊल होतं, ठसठशीत. दोन बोटं पुढे, दोन मागे. जमुना गुडघ्यावर बसून ते पाहत राहिली.

"पाखरू झाली," ती म्हणाली. "अजी, सीमा पाखरू झाली."

मग ती उठली, चुलीपाशी गेली आणि वाटीभर भात खाल्ला. दहा दिवसांत पहिल्यांदा.

मी सीमाच्या खोलीत गेलो. पेटीत तिनं छोटा कॅमेरा बसवला होता. त्याची वायर तिच्या लॅपटॉपपर्यंत आणली होती आणि चित्रीकरण आपोआप साठत राही. पोरगी गेली तरी कॅमेरा चालूच होता. आदल्या सांजेचं पाहिलं. आठला दहा मिनिटं कमी असताना नर पेटीत आला. चोचीत उंदीर आणि दोन्ही पाय पांढरेफेक. अंड्यांवर बसलेल्या मादीला त्यानं उंदीर दिला, तेव्हा तिच्या छातीलाही पीठ लागलं.

पीठ खायला उंदीर आला, उंदरासाठी घुबड आलं, झटापटीत टोपलं कलंडलं. सातवीतल्या पोरानंही सांगितलं असतं. मी लॅपटॉप मिटला. बाहेर जमुना ताटली धुवत होती आणि त्या आवाजानं मला इतकं बरं वाटलं की मनाशी म्हटलं, पंधरा दिवस जाऊ दे, मग सांगू.

पंधरा दिवस कसचे? शेजारच्या माणिकबाईंनी पाऊल पाहिलं होतं. चार दिवसांत ते गावभर झालं आणि नवरात्रात हा महाराज न बोलावता दारात उभा राहिला. तोवर अंडी फुटून पेटीत चार पिल्लं झाली होती. महाराजानं पहिल्याच गुरुवारी सीमाला बोलावलं आणि ती बोलली. जमुना त्या दिवसापासून सीमासाठी वेगळं ताट वाढू लागली. मी खरं सांगायला तोंड उघडलं की मनात येई, ही विचारेल, तुमाले कवापासून माहीत होतं? मग तोंड आपसूक मिटे.

चौथ्या गुरुवारी महाराजानं खरा डाव टाकला.

"माउली, पोरगी पाखराच्या देहात अटकली हाय. तडफडून राहिली. लक्ष्मीपूजनाच्या अवसेले तिले मोकळं करा लागते. आपल्या हातानं ते पाखरू माह्या झोळीत टाक. पुढचं मी पायतो."

त्या अवसेला घुबडाचं काय करतात, हे वऱ्हाडात कोणाला सांगावं लागत नाही. गुप्तधनाच्या नादी लागलेली माणसं त्या दिवशी घुबड शोधत फिरतात. मी जमुनेला म्हटलं, "ते लोक कापतात वो त्याले."

तिनं माझ्याकडे पाहिलं. "मंग पोरगी तशीच अटकलेली पायजे का तुमाले?"

याचं उत्तर लॅपटॉपमध्ये होतं. मी तेव्हाही बोललो नाही.

अवसेच्या दोन दिवस आधी सीमाची कागदपत्रं आणायला आम्ही दोघं विद्यापीठात गेलो. परत आलो तर सांज झाली. नर आला नाही. पिल्लं पेटीच्या तोंडाशी येऊन माना काढत होती. सकाळी मी आदल्या दिवसाचं चित्रीकरण लावलं. भर दिवसा साडेअकराला पेटीच्या भोकातून एक हात आत आला. मनगटात तांब्याचं कडं. भोकाजवळ नर झोपला होता. त्या हातानं त्याला मानेला धरून बाहेर ओढलं. मादी पिल्लांना मागे घालून कोपऱ्यात पंख पसरून उभी राहिली आणि बराच वेळ तशीच उभी होती.

मग मात्र मी बसून चारही गुरुवार पाहिले. दर वेळी तेच. आधी पेटीला हिसका बसे, पिल्लं एकमेकांवर कोलमडत आणि मग चौघंही एकदम फुत्कारत. श्श्श्श. सीमाची नोंदवही उघडली, तर दुसऱ्याच पानावर तिच्या तिरक्या अक्षरात होतं, "घुबडाची पिल्लं घाबरली की फुसफुसतात. लोकांना साप वाटतो, भूत वाटतं." शिडी लावून वर चढलो. पेटीच्या बुडाला नायलॉनचा बारीक दोर बांधलेला होता. छपराच्या टिनातल्या भोकातून तो मागच्या बोळात उतरत होता. मी दोर पेटीपाशी कापला आणि वरच्या खिळ्याला सैल अडकवून ठेवला.

अवसेला लोक दुप्पट आले. महाराजानं नवीकोरी झोळी आणली होती. मी घरातला टीव्ही ओसरीवर मांडला आणि लॅपटॉप जोडला.

"हे काय गुरुजी?" तो हसून म्हणाला. "आज मॅच हाय का?"

"हाय," मी म्हटलं. "तुमचं होऊ द्या आधी."

त्यानं घंटी वाजवली. "सीमा बेटा, आली का व तू?"

काही नाही. त्यानं पुन्हा विचारलं. पुन्हा घंटी वाजवली. अंगणात कोणीतरी खोकललं. तिसऱ्यांदा विचारताना त्याचा आवाज चढला होता.

"पोरगी नाराज हाय," तो म्हणाला. "इथं कोणी नास्तिक बसला हाय."

"बसला हाय," मी म्हटलं. "तिचा बाप."

तेवढ्यात आमचे शेजारी नत्थुजी बोळातून आले. भाजीचं दुकान चालवणारा दणकट माणूस, मीच त्यांना मागे उभं केलं होतं. त्यांनी महाराजाच्या शिष्याला, नितेशला, दंडाला धरून आणलं. तिशीतला गडी, बोटाला अजून दोर गुंडाळलेला.

"गुरुजी, हा बोळात उभा राहून दोर वढून राहिला होता," नत्थुजी म्हणाले. "सारा दोर याच्याच हातात आला, तरी वढूनच राहिला."

काही लोक हसले. मी टीव्ही लावला. हिसका, कोलमडणारी पिल्लं, फुत्कार. पुन्हा हिसका, पुन्हा फुत्कार. मग तो हात. नितेशला हात वर करायला सांगावंच लागलं नाही, नत्थुजींनीच त्याचं मनगट धरून दाखवलं. तांब्याचं कडं सगळ्यांनी पाहिलं.

महाराज उठून उभा राहिला, पण हार मानणारा नव्हता.

"अन् पिठातलं पाऊल?" तो ओरडला. "ते का मी काढलं? मी तर तवा ह्या गावात बी नव्हतो. सांगा ना गुरुजी, ते कोणाचं?"

खरंच बोलत होता. सगळं अंगण माझ्याकडे पाहू लागलं. जमुनाही. मला वाटलं, इथंच थांबावं. बुवा पकडला गेला, पक्षी वाचतील, पाऊल राहू द्यावं तिच्याकडे. पण तेवढं एक राहू दिलं म्हणूनच तर हे सगळं उभं राहिलं होतं. मी बटण दाबलं. नर आत आला, चोचीत उंदीर, पाय पिठानं पांढरे. कोपऱ्यात तारीख आणि वेळ.

जमुना उठून टीव्हीपाशी गेली आणि तारखेवर बोट ठेवलं.

"हे दहाव्याचं होय?"

"हो."

"तुमी कवा पायलं?"

"दुसऱ्या दिवशी सकाळीच."

"मंग मले काऊन नाई सांगतलं?"

"तू भात खाल्ला होता," मी म्हटलं.

ती आत गेली आणि तिनं दार लावून घेतलं.

वनखात्याला मी आधीच कळवलं होतं. त्यांची माणसं त्याच सांजेला येऊन महाराज आणि नितेश दोघांना घेऊन गेली. नितेशनं सांगितलं, नर अकोल्याच्या एका गिऱ्हाइकाला दिला. दोन दिवसांनी तिथल्या एका खोलीत तो पोत्यात सापडला. पाय सुतळीनं बांधलेले, मेलेला. मी पहिल्या दिवशी बोललो असतो तर तो जिवंत राहिला असता. याचा दोष महाराजावर ढकलून पाहिला, पुरता ढकलता येत नाही. मादी एकटी पडली. आठवड्यात चारांतली दोन लहान पिल्लं उपाशी मेली आणि मी ती चिंचेखाली पुरली.

जमुना माझ्याशी कामापुरतं बोले. मी रोज वाट पाहायचो, की ती भांडेल. तिनं सीमाचं वेगळं ताट वाढणं बंद केलं. ताटाचा तो रिकामा कोपरा पाहणं मला जड जाई.

वीस-बावीस दिवसांनी सकाळी ती परात घेऊन माझ्यासमोर बसली. परातीत ज्वारीचं पीठ होतं.

"घुबडाचं पाऊल कसं असते, दाखवा मले."

मी बोटानं काढून दाखवलं. दोन पुढे, दोन मागे. मागचं एक बोट ते पुढेही वळवू शकतं, हेही सांगितलं. पंचवीस वर्षांपूर्वी जमुनेची आई माझ्याबद्दल म्हणायची, हा माणूस बायकोशीही फळ्यावर लिहिल्यासारखा बोलतो. आज तेच कामी आलं.

"हे सीमाचं नोय," ती म्हणाली.

"नाई."

"एकदा ती तापानं गेली. दुसऱ्या खेपी तुमी नेली." तिचा आवाज शांत होता. "पयल्याच दिवशी सांगतलं असतं त रडली असती न मी. तुमी मले रडू बी नाई देलं."

आणि ती रडली. गळा काढून, परातीवर वाकून. सीमाला नेलं तेव्हाही ती अशी रडली नव्हती. माणिकबाई धावत आल्या, काय झालं, काय झालं. मी त्यांना दारातच थांबवलं. म्हटलं, रडू द्या तिले.

बुवांचं मला आता फारसं नवल वाटत नाही. त्यांचा दोर शिडी लावली की सापडतो. तुमच्या घरात कोणी दुःखानं आंधळं झालं असेल, आणि तुम्हाला खरं माहीत असेल, तर हात जोडून सांगतो, ते सांगा. जवळ बसून सांगा, हात धरून सांगा, पण सांगा. तुम्ही दयेपोटी गप्प राहिलात तर ती जागा रिकामी राहत नाही. तिथं पाट टाकून कोणीतरी बसतोच.

उरलेली दोन पिल्लं डिसेंबरात उडायला लागली, तरी खायला अजून पेटीतच परततात. आता सांजेला जमुना लॅपटॉपसमोर बसते. चौथीपर्यंत शिकलेली बाई, पण सीमाची नोंदवही तीच पुढे लिहिते. सीमानं रकाने आखून ठेवले होते, तारीख, वेळ, कोण आलं, काय आणलं. काल मी चष्मा लावून पाहिलं. मोठ्या, सुट्या अक्षरांत लिहिलं होतं, "सात वाजून दहा. माय आली. उंदीर आणला." त्याखालच्या ओळीत, रोज लिहिते तसंच, "बाप आला नाही."