दोन किल्ल्यांची गाडी

गाडी एक आणि भाऊ दोन. दिवस थोरल्याचा, रात्र धाकट्याची. एकाच्या पाठीची ऊब सीटवरून जायच्या आत दुसरा तिथे टेकायचा. इतक्या वर्षांत ते स्टिअरिंग कधी गार पडलं नव्हतं. पाठीला पाठ लावून जन्मले, पाठीमागून पाठ टेकून कमावते झाले.

मग कंपनीने करार बदलला. डेपोच्या फाटकावर कागद लागला. गोदामाच्या दारात माल भरायला दिवस गेला, तर तो दिवस ड्रायव्हरचा. वाटेत माल फुटला, तर फुटलेला ड्रायव्हरचा. परतीचा रिकामा फेरा, तोही ड्रायव्हरचा. आणि कंपनीखेरीज दुसऱ्या कुणाचं खोकंसुद्धा गाडीत चढता कामा नये.

"गाडी आपली, डिझेल आपलं, नुकसान आपलं," वंगण म्हणाला. हा जुना ट्रेलरवाला. बोलणं इतकं गुळगुळीत, की त्याचं खरं नाव सगळे विसरले होते. "मग कंपनीचं काय रे यात?"

"भोंगा!" मागून कुणीतरी ओरडलं. "त्यांनी वाजवायचा, आपण पळायचं."

हसता हसता संप ठरला, ड्रायव्हर लोक ठरवतात तसा. ऑइलचा रिकामा डबा मधे ठेवला आणि ज्याने त्याने आपल्या गाडीची किल्ली त्यात टाकली. किल्ली पडली की शब्द पडला. गाड्या आत यार्डात, माणसं फाटकाबाहेर. थोरल्याची किल्ली सगळ्यांत आधी वाजली, खणकन. लोकांनी त्याची पाठ थोपटली, आणि त्या थापांच्या भरात तो विसरला, की त्याच्या गाडीला किल्ल्या दोन. दुसरी धाकट्याच्या कमरेला होती. धाकटा रात्रीचा दमलेला, घरी झोपला होता.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी यार्डात एक इंजिन खोकलं. थोरल्याचा घास हातात राहिला. आईला गर्दीतलं आपलं रडणारं पोर कळतं, तसं त्याला कळलं. मग बाकीच्यांनाही कळलं.

"ही तुझी गाडी," खडीवाला म्हणाला. खडी वाहून वाहून त्याचे हातही खडीसारखेच झाले होते.

"धाकटा आत गेलाय. पहाटेच, नव्या करारावर सही करून," फाटकाच्या आतून वॉचमन म्हणाला. त्याने मान खाली घातली होती.

"एक किल्ली डब्यात, एक खिशात?" वंगणाच्या आवाजातला गुळगुळीतपणा संपला होता. "दोन्ही पंगतीत बसतोस होय रे?"

"मला माहीत नव्हतं. आईशपथ..."

खडीवाल्याच्या हातातली लोखंडी कांब खाली आली. खांद्यात काहीतरी कडकन मोडलं आणि गिअर टाकायचा डावा हात दोरी तुटल्यासारखा लोंबला. थोरला गुडघ्यावर आला. मग लाथा आल्या. बरगडीत, तोंडात, पाठीत. काल जिथे थापा पडल्या होत्या, नेमक्या तिथेच. तोंडात रक्ताची चव आली. त्याने डोकं झाकलं नाही. तो फाटकाकडे बघत होता.

फाटक उघडलं. मालाने भरलेला ट्रेलर ओढत गाडी तोंडाशी आली, पहिल्या गिअरवर, सावकाश. लोक थोरल्याला टाकून तिच्याकडे धावले. दगड सुटले. समोरची काच आधी जाळीसारखी पांढरी झाली, मग आत ढासळली. गाडी आचका देऊन बंद पडली. ट्रेलर अर्धा आत, अर्धा बाहेर. कुणीतरी कॅन उचलला आणि केबिनवर डिझेल ओतलं. दारातून, खिडकीतून, सीटवर.

"काडी कुणाकडे आहे?"

थोरला उठला कसा, धावला कसा, त्याचं त्याला कळलं नाही. दार ओढलं. आत धाकटा, कपाळ फुटलेलं, पापण्यांवर काचेचा चुरा, हातात पाना.

"उतर."

"बाजूला हो दादा. तुलाही हाणीन."

"जाळतायत रे! उतर आधी."

"शब्द तू दिलास. तो तुझ्या दिवसाचा. माझी रात्र कशी दिलीस? मला उठवून विचारलंस?"

थोरल्याने धड हाताने भावाची गचांडी धरली. पाना त्याच्या कानशिलावर बसला, तरी पकड सुटली नाही. दोघे एकमेकांवर कोसळत खाली आले.

"सरक," वंगण म्हणाला. "याला आम्ही बघतो."

थोरल्याने भोवतीचे डोळे पाहिले. एकाही डोळ्यात त्याला ओळखीचा माणूस सापडला नाही. ज्यांनी या दोघा भावांबरोबर एका स्टोव्हवर भात शिजवला, त्यांच्यात आता कुणाला थांबता येणार नव्हतं. परक्याचा घाव मोजून पडत नाही.

"हा माझा आहे," तो म्हणाला. "मीच मारीन."

त्याने धाकट्याच्या छातीवर गुडघा रोवला. त्याचा गिअरचा हात केबिनच्या पायरीवर आडवा ओढला आणि पायाने दाबून धरला. पडलेला पाना उचलला. लहानपणी हाच हात धरून त्याने धाकट्याला रस्ता ओलांडून नेलं होतं. धाकट्याला कळलं. "दादा, नको. दादा..."

एकदा मारला. हाड वाजलं, पण मोडलं नाही. दुसऱ्यांदा मारला.

ती किंकाळी ऐकून खडीवाल्याच्या हातातली कांब गळाली.

"झालं?" थोरला ओरडला, तोंडातून रक्त उडवत. "आता चालवणार नाही तो. भरलं पोट? का अजून हवं?"

काडीची पेटी खिशात गेली. धाकट्याच्या मनगटातून पांढरं हाड वर आलं होतं. दवाखाना लांब, आणि किल्ली लागलेली गाडी एकच.

"माल घेऊन फाटक ओलांडलंत तर कंपनीचा फेरा झाला असं धरलं जाईल. मग संप मोडला," वॉचमन पुटपुटला.

मग जे हात दगड मारत होते, तेच कामाला लागले. ट्रेलरचे पाय खाली सोडले, हवेचे पाइप उपटले, जोडाची खीळ ओढली. पुढचा इंजिनचा भाग, ज्याला ते घोडा म्हणत, मोकळा झाला. भरलेला ट्रेलर फाटकाच्या जबड्यात अडकून राहिला. आता आतून एकही गाडी निघणार नव्हती.

थोरल्याने धाकट्याला केबिनमध्ये बसवलं आणि स्वतः चढला. वंगण स्टिअरिंगवर चढायला आला. थोरल्याने त्याला लाथेने खाली पाडलं. "तुमच्यातल्या कुणाचाही हात हिला लागायचा नाही."

फुटक्या काचेतून वारा थेट तोंडावर येत होता. केबिन डिझेलने ओली. गाडी पहिल्या गिअरवरच होती, तशीच निघाली. पुढचा गिअर टाकायला थोरल्याचा हात उठेना. इंजिन ओरडायला लागलं. गिअरच्या दांड्याशेजारी धाकट्याचा धड हात मांडीवर पडला होता.

"विचारलं असतं तर नाही म्हणाला असतास?" थोरल्याने विचारलं.

"हो म्हणालो असतो," धाकटा दातओठ आवळून म्हणाला. "तुझ्याआधी किल्ली टाकली असती."

चढ संपून रस्ता सपाट झाला. इंजिन आता फाटेल असं वाटत होतं.

"दुसरा टाकतोस का? विचारतोय."

धाकट्याने बाहेर पाहिलं.

"नाही," तो म्हणाला.

थोरल्याने मान हलवली, आणि गाडी तशीच, पहिल्या गिअरवर, हंबरत पुढे नेली.