ट्विलाच्या कानांपर्यंत

मित्रांनो, माझ्याकडे बघून तुम्हाला विशेष काही वाटणार नाही. रंग उडालेली लाल नळी, एक गार चकती आणि कानात घालायची दोन बोंडं. मी एक जुना स्टेथोस्कोप आहे. छातीतला आवाज ऐकायचा आणि तो दुसऱ्याच्या कानापर्यंत नेऊन पोचवायचा, एवढंच माझं आयुष्य. एका उन्हाळ्यात मात्र मी रोज ऐकत होतो आणि माझं ऐकलेलं पोचतच नव्हतं. तो उन्हाळा मी विसरू शकत नाही.

माझा जन्म कारखान्यात झाला. त्यातलं मला फक्त लांब टेबल आणि गरम रबराचा वास आठवतो. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनाच्या डोंगरपायथ्याशी एक गिरणीचं गाव आहे, तिथल्या मिस ओलीटा सिग्मन यांनी नर्सच्या पहिल्या पगारातून मला घेतलं. त्यांच्या गळ्यात मी एकतीस वर्षं होतो. नुकत्या जन्मलेल्या बाळांची काळजं मी ऐकली, ती मुठीतल्या पाखरासारखी फडफडत. गिरणीत जन्म काढलेल्या म्हाताऱ्यांच्या छातीत कापसातून वारा जावा तशी शीळ वाजे, तीही ऐकली. तरुण डॉक्टर म्हणायचे, "मिस ओलीटा, तुमचा जरा द्या हो, आमच्यातून इतकं स्वच्छ येत नाही." तेव्हा मी नळीच्या टोकापर्यंत फुलून जात असे.

मग मिस ओलीटा निवृत्त झाल्या. मी स्वयंपाकघराच्या खणात गेलो. सोबतीला रबरबँड, संपलेले सेल आणि भेंडीच्या बियांची पाकिटं. नऊ वर्षं मी तिथे पडून होतो. झोपेत मला जुने ठोके ऐकू येत, एकात एक मिसळलेले, लांबून कुणीतरी चालत येत असल्यासारखे. जाग आली की खण तसाच बंद असे.

नवव्या वर्षी गावातली शेवटची गिरणी बंद पडली. शेजारच्या ट्विला हफस्टेटलरने तिथल्या विणाईखात्यात बावीस वर्षं काढली होती. तिचा बाप हॉइल त्याच खात्यात माग दुरुस्त करायचा. नवरा केव्हाच सोडून गेलेला, त्यामुळे बाप-लेक दोघंच घरात. बेचाळीसाव्या वर्षी ट्विलाने कम्युनिटी कॉलेजात नर्सिंगला अर्ज केला आणि चाळीस जागांमधली एक जागा तिला मिळाली. पत्र आलं तशी ती कुंपण ओलांडून मिस ओलीटांकडे धावत आली. मिस ओलीटांनी खण उघडला, मला बाहेर काढलं, पुसलं, आणि रक्तदाब मोजायच्या पट्ट्यासकट तिच्या हातात ठेवलं.

"पहिलं सत्र सुरू व्हायला दहा आठवडे आहेत," त्या म्हणाल्या. "रोज कुणाचा तरी दंड पकडायचा. कळलं?"

"हो, मिस ओलीटा."

त्या घरात तयारीची धांदल उडाली. कावीळ आणि क्षयाच्या तपासण्या झाल्या. पांढरे बूट आले, सेकंदकाटा असलेलं घड्याळ आलं. पुस्तकं इतकी जाड, की हॉइलने ती उचलून पाहिली आणि म्हणाला, "यातल्या एकाने रोगी मरेल, डोक्यावर पडलं तर." ट्विला सकाळी औषधाच्या मात्रांची गणितं सोडवी आणि दुपारी ओसरीवर वडिलांच्या दंडाला पट्टा बांधी.

"अगं पोरी, माझा दंड आहे का हँडपंप?" तो ओरडे. "तिसऱ्यांदा फुगवतेयस!"

"हलू नका डॅडी. आकडा चुकतो."

मित्रांनो, रक्तदाब मोजताना पट्टा फुगवून हळूहळू हवा सोडतात. मग कोपराच्या खळीत ठोका ऐकू येऊ लागतो. तो कुठे सुरू झाला आणि कुठे विरला, ते कानांनी टिपायचं आणि तबकडीवर आकडा वाचायचा. मी माझं काम करत होतो. हॉइलचा ठोका माझ्या नळीतून वर चढे, बोंडांपर्यंत जाई, आणि तिथून पुढे काहीच घडत नसे. ट्विलाचा चेहरा कोराच राही. तिचे कान मागांच्या खडखडाटाने गेले होते. जे उरलं होतं त्यात दिवसभर एक बारीक शिट्टी वाजत असे. विणाईखात्यात बोललेलं कुणालाच ऐकू येत नसे, म्हणून तिथली सगळी माणसं ओठ वाचायला शिकलेली. बाप-लेक घरातही आवाज न काढता गप्पा मारत. त्यामुळे तिला किती कमी ऐकू येतं, हे गावात कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

तिच्या लक्षात आलं ते माझ्यामुळे. पहिले काही दिवस तिने मला दोष दिला. बोंडं धुतली, चकती घट्ट केली. मग एका दुपारी तिने मला कानातून काढलं आणि नळी नीट गुंडाळून ठेवली; दोष माझ्यात नाही, हे तिला कळलं होतं. दुसऱ्या दिवसापासून ती तबकडीच्या काट्याकडे बघू लागली. ठोक्यासरशी काटा किंचित थरथरतो. त्यावरून ती अंदाजाने आकडा सांगू लागली.

कॉलेजसाठी तब्येतीचा फॉर्म भरायचा होता. त्यात ऐकण्याचा एक रकाना होता. दवाखान्यातला डॉक्टर समोर उभा राहून कुजबुजला आणि म्हणाला, "मी म्हटलं ते परत म्हणा." तिने त्याच्या ओठांवरचं वाचलं आणि सगळं बरोबर सांगितलं. डॉक्टरने लिहिलं, 'ठीक'. गाडीत बसल्यावर ती तो शब्द कितीदा तरी वाचत होती.

जुलैच्या मध्यावर मिस ओलीटांनी तिची परीक्षा घ्यायची ठरवली. स्वतःची बाही वर सरकवून त्या टेबलाशी बसल्या. ट्विलाने पट्टा बांधला, मला कानात घातलं, फुगा दाबला. तिचे डोळे काट्यावर खिळले होते. तेवढ्यात मिस ओलीटांचा दुसरा हात टेबलाखालून आला आणि त्यांनी माझी नळी चिमटीत करकचून धरली. माझा श्वासच बंद झाला म्हणा ना. माझ्यातून एक कणभरही आवाज पुढे जाईना.

"एकशे अठ्ठावीस, चौऱ्याऐंशी," ट्विला म्हणाली.

मिस ओलीटांनी हात वर आणला. माझी नळी अजून चिमटीत होती.

"बाळ, तुला काहीच ऐकू यायला नको होतं," त्या हळू म्हणाल्या.

ट्विलाचा चेहरा कानशिलापर्यंत लाल झाला. "मला वाटलं... काटा हलतो ना..."

"काटा खोटंही हलतो. किती दिवस चाललंय हे?"

"पहिल्यापासून."

"आणि तू वॉर्डात जाऊन असेच आकडे लिहिणार होतीस? माणूस त्या आकड्यावर औषध घेतो गं! असे आकडे लिहिणाऱ्या पोरींना मी स्वतः घरी पाठवलंय. तू शेजारची म्हणून तुला सोडणार नाही."

"मग काय करू?" ट्विला उठली. "सांगून टाकू त्यांना? चाळीस जागा आहेत, दोनशे माणसं रांगेत उभी आहेत. बहिरी बाई कशाला घेतील? तुमचं सगळं झालंय, मिस ओलीटा. तुम्हाला बोलायला काय जातंय!"

दार आपटून ती निघून आली. आठवडाभर मी दाराजवळच्या खिळ्याला लटकत होतो. तिने माझ्याकडे बघितलं नाही. कुंपणापलीकडेही गेली नाही. दुपारच्या उन्हात पडदा हलायचा आणि माझी सावली भिंतीवर इकडून तिकडे सरकायची. वाटायचं, मी खणातच बरा होतो. तिथे निदान कुणाचं मन तरी मोडलं नव्हतं.

पण अभ्यास तिने सोडला नव्हता. पुस्तकात नाडीचा धडा आला. त्याला कान लागत नाहीत. एका दुपारी हॉइल ओसरीवर शेंगा सोलत बसला होता. तिने त्याचं मनगट धरलं, बोटं टेकवली आणि घड्याळात बघत राहिली. मिनिट झालं. तिने पुन्हा मोजलं. मग तिसऱ्यांदा.

"पोरी, माझा हात सोडतेस का? शेंगा राहिल्यात."

"डॅडी, चक्कर येते तुम्हाला?"

"छे."

"डॅडी."

हॉइलने शेंग खाली ठेवली. "परवा शेडमध्ये जरा बसावं लागलं. ऊन होतं."

"ठोके धावतायत. मध्येच थांबतायत, परत धावतायत. गाडीत बसा."

"आत्ता? आणि शेंगा?"

"शेंगा कुठे पळून जात नाहीत. चला."

जाताना तिने खिळ्यावरून मलाही ओढून घेतलं. का, ते तिलाच माहीत. दवाखान्यात हॉइलच्या छातीला तारा लावल्या आणि कागदावर वेडीवाकडी रेघ उमटली. डॉक्टर गंभीर झाला. हृदयाचा ताल बिघडला होता. अशात रक्ताची गुठळी होऊन ती मेंदूत गेली असती, तर अर्धं अंग गेलं असतं. औषध वेळेवर सुरू झालं.

"हे पकडलं कुणी?" डॉक्टरने विचारलं.

"माझी पोरगी नर्स आहे," हॉइल म्हणाला.

"अजून नाही," ट्विला म्हणाली.

परतताना रस्त्यात तिने गाडी बाजूला घेतली. "डॅडी, मी कॉलेजात कानांचं सांगणार आहे."

"वेड लागलंय का? 'ठीक' लिहून सही झालीय ना? गप्प बस. गिरणी परत उघडणार नाही, ट्विला."

"तुमचं दुखणं बोटांना कळलं म्हणून बरं. उद्या कुणाचं फक्त कानालाच कळणारं असलं तर?"

हॉइल तिच्याकडे वळला. मग म्हणाला, "तुला त्या खात्यात मीच लावलं होतं. कानात बोळे घाल म्हणून सांगायचं तेवढं राहिलं." त्याचा आवाज इतका बारीक होता, की तिला तो ओठांवरूनच कळला असेल. तिने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि गाडी सुरू केली.

दुसऱ्या दिवशी ती नर्सिंग विभागाच्या प्रमुखांसमोर उभी राहिली. त्यांचं नाव मिसेस एकार्ड. मी तिच्या पिशवीत होतो.

"पण इथे 'ठीक' लिहिलंय," मिसेस एकार्ड फॉर्म बघत म्हणाल्या.

"मी डॉक्टरांचे ओठ वाचले, मॅडम. यातून मला काही ऐकू येत नाही." तिने मला टेबलावर ठेवलं.

मिसेस एकार्डनी चष्मा काढला. "खोटं झाकायला माझ्याकडे बरेच येतात. उघडं करायला आलेली तुम्हीच पहिली. जागा राहील असं मी आज म्हणणार नाही. कानांची नीट तपासणी करून कागद आणा. मग बघू."

ते पंधरा दिवस फार लांब होते. ट्विला गणितं सोडवत राहिली. गणवेशाला इस्त्री केली, तो आपल्या अंगावर चढणार की नाही हे ठाऊक नसताना. तपासणीत निघालं की निम्मं नुकसान मागांनी केलं होतं आणि निम्मं लहानपणी वाहणाऱ्या कानांनी. हॉइलने तो कागद दोनदा वाचला आणि घडी घालून खिशात ठेवला. मग फोन आला. आवाज मोठा करणारे स्टेथोस्कोप निघाले आहेत, कॉलेज एक मागवून देईल, मात्र शिक्षिकेसमोर दहा जणांचा रक्तदाब तिने अचूक मोजून दाखवला पाहिजे. दाखवला तर जागा तिची.

तो काळा, सेलवर चालणारा पाहुणा आला तेव्हा मी टेबलावरच होतो. खोटं कशाला बोलू, मला हेवा वाटला. ट्विला त्याला घेऊन थेट कुंपणापलीकडे गेली. दुसऱ्या हातात मी होतो.

"मी सांगितलं त्यांना," ती म्हणाली. "त्या दिवशी बोलायला नको होतं मी तसं."

मिस ओलीटांनी बाही वर सरकवली. ट्विलाने हवा सोडायला सुरुवात केली, आणि अर्ध्यावर तिचा हात थबकला. तोंड उघडं पडलं. डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, तरी तिने काट्यावरची नजर हलवली नाही.

"एकशे बेचाळीस, अठ्ठ्याऐंशी."

"बरोबर," मिस ओलीटा म्हणाल्या. "आणि मीठ कमी करा म्हणून मला सांगायचं नाही."

दहाही जणांचे आकडे बरोबर आले. ऑगस्टमध्ये सत्र सुरू झालं. पहिल्या दिवशी तिने नव्याला गळ्यात घातलं आणि मला पिशवीत. प्रयोगशाळेत जोड्या लावल्या. तिच्या वाट्याला मारिसोल नावाची एकोणीस वर्षांची मुलगी आली. तिचा स्टेथोस्कोप अजून पोचला नव्हता, आणि ती रडवेली झाली होती. ट्विलाने मला काढून तिला दिलं.

"उलटा घातलास. बोंडं नाकाच्या दिशेने वळलेली हवीत. हं, असं. आता ऐक."

मारिसोलने माझी चकती ट्विलाच्या छातीवर टेकवली. मित्रांनो, त्या उन्हाळ्यात मी ट्विलाच्या हातात होतो, गळ्यात होतो, कानात होतो. पण ऐकू येणार नाही हे ठाऊक असताना स्वतःच्या छातीला मला कोण लावणार? तिचं काळीज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. घाबरलेलं होतं, जोरात धावत होतं, पण ताल सोडत नव्हतं. ते सगळं मी उचललं आणि नळीतून वर नेऊन पोचवलं.

"येतंय!" मारिसोल म्हणाली. "किती मोठ्ठं येतंय!"

ट्विलाने मला नव्या मुलींसाठी तिथेच ठेवलं, आणि आता मी त्या प्रयोगशाळेतच असतो. दर सत्रात नवे कान येतात. माझं तुमच्याकडे मागणं फार नाही. काम झाल्यावर मला पुसा, नळी वाकवून कोंबू नका, खणात नऊ-नऊ वर्षं विसरू नका. आणि ऐकू येत नसेल, तर मान डोलावू नका. 'येत नाही' म्हणा. तेवढं कुणीतरी म्हणालं, की मग पुढचा आवाज कसा पोचवायचा ते बघता येतं.

आता दार उघडतंय. कुणीतरी हात धुऊन माझ्याकडे येत आहे.