कलाच्या बोटाचा थेंब

दयारामने सुई स्पिरिटच्या दिव्यावर धरली, निवू दिली आणि कलाच्या बोटाला टोचली. थेंब वर आला. तो त्याने स्लाइडवर घेतला, बाटलीतलं औषध त्यात मिसळलं, वर पातळ काच ठेवली आणि आत हवा जाऊ नये म्हणून कडांना व्हॅसलिन लावलं. निम्मं व्हॅसलिन टेबलालाच लागलं.

"दुखलं का?"

"बाभळीचा काटा याच्याहून जास्त दुखते," कला म्हणाली. "आता?"

"आता थांबाचं."

रविवार असल्यामुळे बुलढाण्याचं ते कॉलेज ओस पडलं होतं. दयारामला शिकवणाऱ्या सरांच्या सांगण्यावरून शिपाई शेषराव प्रयोगशाळेचं कुलूप उघडून दाराशी बिडी ओढत बसले होते. पलीकडे व्हरांड्यात दयारामची आई बनाबाई बाजारातलं गाठोडं मांडीवर घेऊन बसली होती. त्यात कलासाठी घेतलेलं हिरवं लुगडं होतं. कला म्हणजे तिच्या सख्ख्या भावाची, कचरूची मुलगी. ती पाळण्यात होती तेव्हाच बनाबाईने तिला सून म्हणून मागून ठेवलं होतं, आणि आता बुद्धपौर्णिमेला जानेफळात लग्न ठरलं होतं. पोराला नवरीला आपलं कॉलेज दाखवायचंय, एवढंच तिला सांगितलेलं होतं, आणि तिला त्याचं भारी कौतुक वाटत होतं.

खरं काय ते दयाराम आणि त्याचे सर एवढेच जाणून होते. हिवाळ्यात सरांनी बी.एस्सी.च्या वर्गात प्रत्येकाला स्वतःचं रक्त तपासायला लावलं होतं. ते औषध मिसळल्यावरही बाकीच्यांच्या तांबड्या पेशी गोल राहिल्या, दयारामच्या तेवढ्या वाकड्या झाल्या. वर्ग सुटल्यावर सरांनी त्याला जवळ बसवून समजावलं. रक्तातल्या एका प्रथिनाची घडण इवलीशी बदललेली असते आणि ती आईबापांकडून येते. एकाकडूनच आली तर माणूस धडधाकट राहतो. दोघांकडून आली तर हाडं, सांधे, पोट, सगळं ठणकतं, डोळे पिवळे पडतात, आणि पुष्कळ पोरं तरणी होण्याआधीच जातात.

"घरात कोणी होतं का असं?" सरांनी विचारलं होतं.

होती. चांगुणा, त्याची थोरली बहीण. गुडघ्यांना फडकी बांधून ती कण्हत पडायची. कोणी म्हणायचं वात, कोणी म्हणायचं बाहेरचं. बनाबाईने तिला पाठुंगळी घेऊन मेहकरचा दवाखाना किती वेळा गाठला याला गणती नाही. पोरगी गेली ती "मायं, माहे पाय तोडून टाक वं," म्हणत गेली.

म्हणजे ते आईच्या रक्तातही होतं, आणि कला तर आईच्या माहेरचीच. तरी दयारामने आशा सोडली नव्हती. प्रत्येकात ते उतरतंच असं नाही, असं सरच म्हणाले होते. चांगुणाच्या दुखण्यावरून रक्त पाहायचंय, एवढंच त्याने कलाला सांगितलं होतं.

त्याने मायक्रोस्कोपला डोळा लावला. पेशी गोल होत्या. सगळ्या गोल. त्याचा जीव भांड्यात पडला. थोड्या वेळाने त्याने पुन्हा पाहिलं, तर कडेची एक पेशी लांबट झाली होती. मग तिच्या शेजारची. मग जिकडे पाहावं तिकडे तेच. त्याने दुसऱ्या बोटातून दुसरा थेंब घेतला. औषधच बिघडलं असेल म्हणून शेषरावांनाही आत बोलावलं.

"लग्न तुहं अन् रगत माहं काऊन बे?" म्हणत शेषरावांनी बोट पुढे केलं.

त्यांच्या पेशी गोलच राहिल्या. कलाच्या पुन्हा वाकल्या. शेषराव बाहेर गेले.

स्लाइड पुसायला एक फडकं पुरलं असतं. उद्या सरांना 'चांगलं निघालं' म्हटलं असतं, तर त्यांनी पाठच थोपटली असती. लग्न मोडण्याचं कारण गावाला सांगावं, तर कलाला जन्मात कोणी पत्करणार नव्हतं. न सांगावं, तर टाकलेली पोरगी म्हणून तिला तोंड वर काढता येणार नव्हतं. आणि त्याला ती हवी होती. दुसरं काहीच त्याला इतकं हवं नव्हतं. त्याने फडकं उचललं.

"मले दाखव," कला म्हणाली.

"काही नाई त्यात."

"काही नाई, तं रडून काऊन राह्यला?"

तो बाजूला झाला. एक डोळा मिटून ती बराच वेळ वाकून पाहत राहिली.

"हे तं गवत कापाचे इळे हायेत."

"हाव."

"तुहे बी असेच?"

"हाव."

"अन् चांगुणाबाईचे?"

मग त्याने सगळं सांगून टाकलं. "तुले काही होत नाई, मले काही होत नाई. पन आपल्या दोघांचं लेकरू..."

"सारेच लेकरं तसे होतीन?"

"सारे नाई. पन कोनतं होईन, ते आधी कोनालेच सांगता येत नाई."

"अन् माह्या नवऱ्याचं रगत गोल असन तं?"

"तं कोनालेच तसं दुखनं नाई."

कलाने टोचलेली दोन्ही बोटं पदराला पुसली.

"आईले मी सांगतो," दयाराम घाईघाईने म्हणाला. "मलेच लग्न नाई कराचं म्हनतो. सारा दोष माह्यावर येऊ दे."

"अन् मी टाकलेली होऊ?"

तो उठेपर्यंत ती बाहेर पोचलीसुद्धा.

"आत्या, मले याच्यासंगं लग्न नाई कराचं."

बनाबाई आधी हसली. पोरीचं तोंड पाहिल्यावर तिचं हसू मावळलं.

"काऊन वं? काय केलं यानं?"

"काही नाई केलं. मले पसंत नाई."

"पाळन्यातून तुले सून म्हनून राह्यली मी!" बनाबाई उठली आणि तिने गाठोडं कलाच्या अंगावर फेकलं. "शिकलेला नवरा जड झाला तुले? आता कोन्या तोंडानं भावाच्या दारात जाऊ मी?"

कलाने गाठोडं उचललं, धूळ झटकली आणि आत्याच्या हातात परत दिलं. दयाराम पुढे झाला, पण कलाने मान हलवून त्याला थांबवलं.

मेहकरच्या गाडीत बनाबाई खिडकीकडे तोंड फिरवून बसली. सगळी माणसं चढली तरी कला खालीच दयारामजवळ उभी होती.

"पुढं जो कोनी मले पाहाले येईन," ती हलक्या आवाजात म्हणाली, "त्याले काई ना काई निमित्त काढून इथं धाडीन. त्याचं बोट तूच टोच."

दयारामने मान डोलावली.

"नीट पाहशील ना?"

"पाहीन."

कंडक्टर चढायला सांगत होता. कलाने दांडीला हात घातला आणि पुन्हा मागे वळली.

"अन् गोल असन," ती म्हणाली, "तं गोलच सांगजो."